पायांकडे पाहणाऱ्या बाई

आमच्या डायलिसिस विभागाच्या प्रमुख बाईंना रुग्णांचे चेहरे लक्षात राहत नसत. लिफ्टमध्ये एखादा जुना रुग्ण हसून "नमस्कार, डॉक्टरबाई" म्हणाला की त्या क्षणभर गोंधळत. मग त्यांची नजर सावकाश खाली उतरे, त्याच्या पावलांवर स्थिरावे आणि ओळख पटे. "हां! भोसरीचे, उजवी टाच आपटणारे. काय म्हणतंय पोटॅशियम?" वर्षानुवर्षे तपासणारी डॉक्टर आपल्याला टाचेवरून ओळखते हे कळल्यावर माणसे आधी दुखावत आणि नंतर तीच गोष्ट घरी कौतुकाने सांगत.

बाई स्वतः कडक इस्तरीची सुती साडी नेसत, तीही घोट्याच्या चांगली वर, आणि खाली नाडीचे कॅनव्हासचे बूट घालत. नाडीला नेहमी दुहेरी गाठ. लग्न असो, परिषद असो, वेश हाच. सांगवीहून त्या बसने येत. गाडी परवडत नव्हती म्हणून नव्हे, तर बसमधून उतरणारी माणसे पाहायला मिळतात म्हणून. एकदा नाशिक फाट्याला एक म्हातारे गृहस्थ चढले आणि त्यांना बसायला मिळायच्या आत चालकाने गाडी पुढे घेतली. बाई जागेवरून ओरडल्या, "थांबव! हे बसेपर्यंत बस हलणार नाही." मागून कुणीतरी कुरकुरले, "बाई, शिफ्ट चुकंल आमची." बाईंनी वळूनही पाहिले नाही. "त्यांचं खुब्याचं हाड मोडलं तर त्यांची सगळीच चुकेल," त्या म्हणाल्या. हा प्रसंग मला त्याच बसमधल्या आमच्या एका परिचारिकेने सांगितला. ती पुढच्या थांब्यावर लाजून उतरून गेली होती.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाच्या पडण्याची कारणे शोधत बसावे लागत नाही. हाडे ठिसूळ होत जातात, स्नायू झिजतात, मधुमेह असेल तर तळपायांना जमीन नीट कळत नाही. डायलिसिसच्या यंत्राने अंगात साठलेले पाणी चार तासांत ओढून काढले की खुर्चीतून उठताक्षणी रक्तदाब कोसळू शकतो. शिवाय यंत्राच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेले असते. अशा वेळी डोके आपटले तर आतला रक्तस्राव सहजासहजी थांबत नाही. हे सारे पाठ्यपुस्तकात आहे आणि मी ते उत्तम गुणांनी वाचले होते. बाई मात्र त्याच्या भोवती एक वेगळाच कायदा उभारून बसल्या होत्या.

त्या कायद्याचे पहिले कलम म्हणजे डायलिसिस संपल्यावर पाय खाली सोडून बसायचे. बसून आणि उभे राहून, असा दोनदा रक्तदाब मोजून झाल्याशिवाय कुणीही पाऊल टाकायचे नाही. घाईतल्या माणसाला त्या सुनावत, "बसा. तुमचं रक्त अजून पायात आहे. डोक्यात आलं की आपण बोलू." 'पाय घसरला' हा शब्दप्रयोग विभागात निषिद्ध होता. "घसरला म्हणजे? पाय काय साबण आहे? काय करत होतात, काय धरायला गेलात, आदल्या दिवशी किती पाणी प्यायलात, ते सांगा." 'जपून जा' म्हणायलाही बंदी होती. जपणे ही सूचना नव्हे, तो नुसता आशीर्वाद आहे आणि आशीर्वाद देण्याचा पगार आपल्याला मिळत नाही, असे त्या म्हणत.

वाकून केलेल्या नमस्काराविरुद्ध तर त्यांनी युद्धच पुकारले होते. चार तास यंत्राला जोडलेला माणूस कृतज्ञतेने डॉक्टरांच्या पायांशी वाकतो, झटकन वर येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळतो, हे त्यांनी नोकरीच्या सुरुवातीला पाहिले होते. तेव्हापासून कुणी कमरेतून जरा झुकले की बाईंचा आवाज विभागभर घुमे, "सरळ! सरळ उभं राहा!" नवे नातेवाईक दचकत. खेडचे एक माळकरी आजोबा तर रुसूनच बसले. "आमचा नमस्कार बी चालंना व्हय?" त्यावर बाई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "चालतो ना. बसून करा. मीही बसूनच घेते." दोघांनी समोरासमोर बसून, एखादा करार व्हावा तशा गांभीर्याने हात जोडले.

रुग्णालयाच्या व्यवस्थापनाशी त्यांचे भांडण फरशीवरून झाले. तळमजल्यावर आरशासारख्या चकचकीत फरशा बसवल्या गेल्या आणि उद्घाटनाला झाडून सगळे वरिष्ठ अधिकारी जमले. बाईंनी पर्समधून पाण्याची बाटली काढली, टोपण उघडले आणि भर समारंभात पाणी त्या फरशीवर ओतले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "या ना, सर. चालून दाखवा." संचालकांनी पाण्याला वळसा घातला. "रुग्णांनीही असाच वळसा घालायचा का?" बाईंनी विचारले. पुढे तिथे जाडे, खरखरीत पायपोस आले आणि बाईंची पदोन्नती बराच काळ अडली. दोन्ही गोष्टींचा उल्लेख त्या सारख्याच समाधानाने करत.

मी या विभागात आले ती महत्त्वाकांक्षा बरोबर घेऊन. भौतिकोपचारातले, म्हणजे फिजिओथेरपीतले, पदव्युत्तर शिक्षण झाले होते आणि डायलिसिसच्या रुग्णांपैकी कोण पडण्याची शक्यता अधिक आहे हे आधीच सांगणारी मापनपद्धती मला तयार करायची होती. खुर्चीतून उठणे, चालणे, वळणे, पुन्हा बसणे, स्नायूंची ताकद, औषधांची संख्या, रक्तदाबातला फरक, या सगळ्याचे मिळून गुण. माझा आराखडा बाईंनी शांतपणे ऐकला आणि विचारले, "हे सगळं तू डायलिसिसच्या आधी मोजणार की नंतर?"

"आधी," मी म्हणाले. "नंतर रुग्ण थकलेले असतात."

"म्हणजे रस्ता कोरडा असताना ब्रेक तपासणार. छान. कामाला लाग, शास्त्रज्ञ."

'शास्त्रज्ञ' हे माझे नाव त्या दिवशी पडले आणि कायमचे राहिले. मी दोन्ही वेळा मोजू लागले.

बाईंची स्वतःची चाचणी माझ्या दृष्टीने अत्यंत अशास्त्रीय होती. रुग्ण दाराकडे निघाला की त्या मागून विचारत, "काल जेवायला काय होतं हो?" चालता चालता उत्तर दिले तर ठीक, उत्तर देण्यासाठी पावले थांबली तर त्या मान हलवत. ज्याला चालणे आणि बोलणे एका वेळी झेपत नाही, त्याचे चालणे आता आपोआप होत नाही, ते त्याला विचार करून करावे लागते, आणि विचार दुसरीकडे गेला की तो पडतो, असा त्यांचा तर्क. वैद्यकीय जगात ही कल्पना मान्य आहे हे मला ठाऊक होते. तरीही मी एके दिवशी म्हणाले, "बाई, आपल्याकडे मागून मोठ्या माणसाने हाक मारली तर सगळेच थांबतात. वळून, हात जोडून उत्तर देतात. तुम्ही तोल मोजत नाही आहात, रीतभात मोजत आहात."

दोन दिवस बाईंनी कुणालाच काही विचारले नाही. तिसऱ्या दिवशी पाहते तर जेवणाचा प्रश्न आमच्या सफाईच्या मावशी विचारत होत्या, रुग्णाच्या बरोबरीने चालत, हातात बादली घेऊन. मावशींशी बोलायला रीत म्हणून कुणी थांबत नव्हते. जे थांबत होते, ते खरोखरच थांबत होते. बाई लांबून पाहत होत्या. माझ्याजवळून जाताना इतकेच म्हणाल्या, "मावशींना नोंदी कशा करायच्या ते शिकव."

आता ज्या माणसामुळे मी हे लिहीत आहे त्याच्याकडे येते. रफीकभाई. चाकण रस्त्याला त्यांचे ट्रकचे क्लच दुरुस्त करण्याचे गॅरेज होते आणि त्यांच्या दोन पिढ्या तिथेच गेल्या होत्या. गोरेपान, रुंद, मेंदी लावलेली दाढी आणि सगळ्या विभागाला पुरून उरणारा आवाज. डायलिसिसच्या खुर्चीत बसून ते फोनवर ड्रायव्हरांना झापत. त्यांची पत्नी शमीमभाभी त्यांना स्वतःचे मूत्रपिंड देणार होत्या. सगळ्या तपासण्या जुळल्या होत्या, प्रत्यारोपण समितीची परवानगी आली होती, पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती. शमीमभाभींचा रक्तदाब मर्यादेच्या अगदी काठावर होता. शल्यचिकित्सकांनी स्पष्ट सांगितले होते की आज त्या मूत्रपिंड देऊ शकतात, वर्षभराने देता येईलच असे नाही. दुसरा दाता घरात नव्हता.

तेव्हा प्रश्न साधा होता. तारखेपर्यंत हा माणूस पडता कामा नये. खुबा मोडला किंवा डोक्याला मार बसला, तर तारीख जाणार. आणि ही तारीख गेली तर पुढची येईल याची खात्री कुणालाच नव्हती.

रफीकभाई माझ्या गुणपद्धतीत धोक्याच्या काठावर होते आणि बाईंच्या कायद्यात सराईत गुन्हेगार. दाराशी चपला काढायला बाईंनी एक बाक ठेवला होता. डायलिसिसनंतर एका पायावर उभे राहून चप्पल चढवताना माणसे हमखास झोके खात, म्हणून बसूनच चप्पल काढायची आणि घालायची असा दंडक. रफीकभाई त्या बाकाला हात न लावता, एक पाय उचलून, भिंतीकडे पाठ करून बूट चढवत आणि वर म्हणत, "बाकावर म्हातारी मान्सं बसत्यात, डॉक्टरबाई. आमी अजून ट्रकखाली घुसतो."

तारीख ठरली त्या आठवड्यात बाईंनी त्यांना सगळ्यांसमोर धारेवर धरले. "रफीकभाई, कान उघडे ठेवून ऐका. पडलात तर ऑपरेशन नाही. एकदा पडलात तरी नाही. समजलं?"

रफीकभाईंचे हसू थोडे उशिरा आले. "समजलं, मॅडम. लिहून देऊ का?"

"लिहून नको. बाकावर बसा."

त्या दिवशीही ते बसले नाहीत. पण बाईंचे ते वाक्य प्रत्येक खुर्चीपर्यंत पोचले होते. शेजारी दिघीचे निवृत्त सुभेदार होते, पलीकडे सांगवीच्या शाळेतल्या शिक्षिका, त्यांच्यापुढे भोसरीच्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमधला एक जण, जो डायलिसिस नसलेल्या दिवशी अजून कामावर जात होता. प्रत्येकाने ते आपल्यापुरते ऐकले असणार.

पुढच्या काही आठवड्यांत आमच्या रुग्णांच्या पडण्याच्या घटना, घरच्याही धरून, झपाट्याने उतरल्या. माझा आलेख इतका सुरेख खाली येत होता की मी तो मोबाइलवर पुनःपुन्हा पाहत असे. एका परिषदेने माझा शोधनिबंध स्वीकारला. मी बाईंना सांगायला गेले तेव्हा त्या खिडकीतून फाटकाशी रिक्षातून उतरणाऱ्या रुग्णांचे पाय पाहत होत्या. "फारच चांगलं आहे," त्या म्हणाल्या. मला ते अभिनंदन वाटले.

शस्त्रक्रिया दहा-बारा दिवसांवर आली असतानाची ती सकाळ. पहिल्या शिफ्टची माणसे येत होती. रफीकभाई आले, दाराशी थांबले आणि बाकावर बसले. नीट टेकून बसले, सावकाश वाकून एक बूट काढला, मग दुसरा, आणि बाकाचा कठडा धरून उठले. परिचारिका हसून म्हणाली, "आज सूर्य कुठून उगवला, रफीकभाई?" तेही हसले. मला बरे वाटले. नियम अखेर रुजला होता.

बाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला एका रुग्णाची नाडी पाहत होत्या. तिथूनच त्यांची नजर बाकाकडे गेली आणि तिथेच राहिली.

रफीकभाई खुर्चीत बसले. तंत्रज्ञ सुहासने दोन्ही सुया टोचल्या, नळ्या जोडल्या, हेपॅरिनची सिरिंज हातात घेतली. बाई तरातरा चालत आल्या. त्यांना इतक्या वेगाने चालताना मी कधी पाहिले नव्हते.

"सुहास, थांब. ते देऊ नकोस."

"बाई, डोस नेहमीचाच आहे."

"हात खाली घे आधी."

सुहासने हात खाली घेतला. बाई रफीकभाईंच्या समोर उभ्या राहिल्या आणि माझ्या देखत पहिल्यांदा त्यांनी एखाद्या रुग्णाच्या चेहऱ्याकडे रोखून पाहिले. नियमाने नमाज पढणाऱ्यांच्या कपाळावर सजद्यात जमिनीला टेकून उमटतो तसा काळसर डाग रफीकभाईंच्या कपाळावर पूर्वीपासून होता. त्या दिवशी तो मोठा आणि गडद दिसत होता. मी तो पाहिला होता, परिचारिकेने पाहिला होता, सुहासनेही. आणि आम्ही तिघांनीही काही विचारले नव्हते. दुसऱ्याच्या धर्माची खूण, तिच्याबद्दल काय विचारायचे, अशी आमची सभ्यता.

"रफीकभाई," बाई म्हणाल्या, "टोपी काढा जरा."

"कशाला, मॅडम?"

"तुमचा सजदा तिरका व्हायला लागलाय. डाग डावीकडे सरकलाय."

रफीकभाई हसायला गेले, पण हसू अर्ध्यातच राहिले. टोपी काढली तेव्हा डागाच्या वरपासून केसांपर्यंत निळसर सूज होती.

"कधी पडलात?"

"पडलो न्हाई. बेसिन लागलं."

"बेसिन चालत आलं का तुमच्याकडे?"

रफीकभाई अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "परवा सकाळी. नमाजाआधी वजू करताना पाय धुवायला बेसिनवर उचलला. मंग कळलंच न्हाई. मॅडम, लई हात जोडतो, पुण्याला कळवू नका. दहा-बारा दिस राहिल्यात."

"डोकं दुखतंय?"

"थोडं."

"उलटी?"

"काल एकदा. पन ती नाष्ट्यानं."

बाईंनी सुहासला रक्त परत अंगात सोडून सुया काढायला सांगितले आणि व्हीलचेअर मागवली. सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर आम्ही दोघी उभ्या होतो. मी म्हणाले, "बाई, ते नीट चालत होते. बोलतही होते." बाई म्हणाल्या, "ज्याने कधी ऐकलं नाही तो आज बाकावर बसला. माणूस इतका शहाणा एका दिवसात होतो तो फक्त भीतीने."

पडद्यावर कवटीच्या आत, मेंदूच्या कडेला, चंद्रकोरीसारखी पातळ रेघ होती. रक्त. नेहमीचा हेपॅरिनचा डोस गेला असता तर ती रेघ किती जाड झाली असती याचा हिशोब मी मनातल्या मनात केला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

शमीमभाभी अर्ध्या तासात आल्या, बुरख्याच्या बाहीला पीठ लागलेले. बाईंनी त्यांना सरळ सांगितले की रक्तस्राव लहान आहे, डोक्याचे ऑपरेशन आत्ता करावे लागणार नाही, डायलिसिस हेपॅरिनशिवाय करू, आणि पुण्याची तारीख रद्द करावी लागेल. भाभींनी ऐकून घेतले. मग त्यांचा आवाज चढला.

"तुमीच म्हनला व्हता ना, पडला तर ऑपरेशन न्हाई? सगळ्यांच्या पुढं? मंग आमी खरं सांगून आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा व्हता? मीच त्यास्नी उचललं. मीच म्हनलं, गप ऱ्हावा, टोपी खाली वढा. तुमच्या भ्यानं, डॉक्टरबाई. दुसऱ्या कुनाच्या न्हाई."

बाई ऐकत उभ्या राहिल्या, आणि मला प्रथमच जाणवले की कॅनव्हासच्या बुटांतली ही बाई उंचीने बरीच लहान आहे.

पुण्याला फोन त्यांनी स्वतः केला. काहीही लपवले नाही. शल्यचिकित्सक म्हणाले की पुढचे स्कॅन स्वच्छ आले तर पुन्हा विचार करू, मात्र पत्नीच्या सगळ्या तपासण्या नव्याने होतील.

त्यानंतरच्या डायलिसिसच्या दिवशी, सगळी यंत्रे सुरू झाल्यावर, बाई खोलीच्या मध्यभागी येऊन उभ्या राहिल्या. रफीकभाई कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. त्यांच्या नळ्यांमधून हेपॅरिनऐवजी अधूनमधून सलाइन सोडले जात होते आणि ते छताकडे पाहत होते. बाईंनी घसा साफ केला.

"मला एक सांगायचं आहे. मी गेल्या महिन्यात पडले. माझ्याच स्वयंपाकघरात, स्टुलावरून. कुणालाही सांगितलं नाही. मीच पडते म्हटल्यावर माझं कोण ऐकणार, म्हणून."

कुणी हलले नाही. मला वाटले, हे फसले.

मग दिघीच्या सुभेदारांनी मोकळा हात वर केला, परेडमध्ये करावा तसा. "मॅडम, मीपण. दोनदा. मिसेसला सांगितलं, कपाटाची कडा लागली."

भोसरीवाले म्हणाले, "माझं कंपनीतच झालं. मशीनपाशी. इथं सांगितलं की फिटनेसच्या कागदावर येतंय, आन मंग घरी बसवत्यात. म्हणून नाय बोललो."

सांगवीच्या शिक्षिका चष्मा सारखा करत म्हणाल्या, "डॉक्टर, आधी व्याख्या स्पष्ट करा. खाली जाताना पलंग आडवा आला आणि मी त्यावर बसले, तर ते पडणं धरायचं का?"

"बसायचं ठरवलं होतंत?"

"नाही."

"मग पडलात."

"अरे देवा," त्या म्हणाल्या, "मग मी पुष्कळदा पडले आहे."

कुणीतरी हसले आणि मग सगळेच बोलू लागले. मोरीत, जिन्यात, रिक्षातून उतरताना, देहूच्या घाटावर. हात वर होत राहिले. मी कोपऱ्यात उभी राहून ऐकत होते आणि प्रत्येक हाताबरोबर माझा तो सुरेख आलेख मोडत होता. आमच्याकडे कुणी पडायचे थांबले नव्हते. सगळे फक्त गप्प बसले होते. परिषदेकडून निबंध मागे घेण्याचे पत्र मी त्याच दुपारी पाठवले. बाईंनी ते वाचले आणि म्हणाल्या, "आता खरं काहीतरी लिहिशील."

"बाई, तुम्ही खरंच पडला होतात?" मी विचारले.

"माझा गुडघा आणि मी, आमचं आम्ही बघून घेऊ."

त्यानंतर विभागाची तऱ्हाच बदलली. बाईंचे ओरडणे थांबले नाही, पण ओरडण्याची दिशा बदलली. पडल्याचे सांगणाऱ्याला त्या शेजारी बसवून घेत आणि सगळा प्रसंग पायरीपायरीने पुन्हा उभा करत: कोणत्या पायावर भार होता, दिवा कुठे होता, रक्तदाबाची गोळी कधी घेतली होती. बऱ्याच जणांच्या गोळ्यांच्या वेळा बदलल्या. रफीकभाईंच्या घरी मी आणि मावशी जाऊन आलो. बेसिनखाली ठेंगणा नळ बसवून घेतला, समोर दगडी ओटा. रफीकभाई त्यावर बसून पाय धुऊ लागले. "मशिदीत तर बसूनच करतो की," ते स्वतःशीच नवल करत म्हणाले. "घरीच काय घाई व्हती कुनास ठाऊक."

एके सकाळी आत आले तर बाई साडीसकट जमिनीवर आडव्या पडलेल्या. मी धावले. पण त्या रुग्णांना पडल्यावर कसे उठायचे ते शिकवत होत्या. "घाबरून धडपडू नका. आधी कुशीवर. मग गुडघे. मग खुर्ची. बघा, कडक साडीतही जमतं." सुभेदारांनी टाळ्या वाजवल्या. दारातून डोकावणारे व्यवस्थापक तसेच निघून गेले.

रफीकभाईंचे पुढचे स्कॅन स्वच्छ आले. खरी कसोटी शमीमभाभींची होती. त्यांचा रक्तदाब चढला, उतरला, पुन्हा काठावर येऊन थांबला. पुण्याहून होकार यायला पावसाळा सरला. त्या काळात रफीकभाई कुणाशीही मोठ्याने बोलले नाहीत, ड्रायव्हरांशीसुद्धा.

नव्या तारखेच्या दिवशीच रुग्णालयाच्या गुणवत्ता समितीने आम्हाला खुलाशासाठी बोलावले होते. पडद्यावर एकच रेषा होती: आमच्या विभागात पडण्याच्या नोंदी आधी जवळजवळ तळाला टेकलेल्या आणि नंतर सरळ वर गेलेल्या. सादरीकरण माझे होते. समितीचा अहवाल माझ्या पुढच्या नेमणुकीवर परिणाम करणार होता, हे मला कुणी वेगळे सांगण्याची गरज नव्हती. बाई शेजारी बसल्या होत्या आणि त्यांचे माझ्याकडे लक्ष नव्हते. फोन मांडीवर उताणा ठेवून त्या त्याच्याकडे पाहत होत्या.

"मॅडम," समितीचे अध्यक्ष म्हणाले, "बाकी सगळ्या विभागांत ही रेषा खाली येते आहे. तुमच्याकडेच वर. याला आम्ही काय म्हणायचं?"

मी बोलायला तोंड उघडले आणि फोन थरथरला. बाईंनी तो कानाला लावला.

"बोल... हो. रक्तवाहिन्या जोडल्या? मग?... पिशवीत आली?... रंग कसा आहे?... आणि ती? ती कशी आहे?"

त्यांनी फोन टेबलावर ठेवला.

"लघवी झाली," त्या समितीला म्हणाल्या.

"काय म्हणालात, मॅडम?"

"एका बाईचं मूत्रपिंड तिच्या नवऱ्याच्या अंगात बसवलं. टेबलावरच लघवी सुरू झाली. दोघंही ठीक आहेत."

अध्यक्षांनी दोन-तीनदा मान हलवली. "वा. अभिनंदन. फारच छान. पण हा आलेख..."

बाई उठल्या, पडद्यापाशी गेल्या आणि तळाला टेकलेल्या त्या सुरेख, सपाट रेषेवर बोट ठेवले.

"हा माणूस इथे पडला होता," त्या म्हणाल्या. "डोक्यात रक्तस्राव घेऊन. तुम्हाला दिसतो का कुठे?"

मी पुढची स्लाइड लावली.